बदक काही पडेना

भाऊबीजेला भावानं बहिणीला साडी द्यावी, पाकीट द्यावं, हात अगदीच आखडता असेल तर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत चार करंज्या खाऊन निघून जावं. आमच्या दादानं या वर्षी ओवाळणीच्या ताटात प्लॅस्टिकची बंदूक ठेवली. ही बातमी माझ्या सासूबाईंच्याही आधी भिंतीपलीकडं पोचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्ता तोडायला मागं गेले तर काकू कंपाउंडवर कोपर टेकवून तयारच.

"काय गं, दादानं बंदूक दिली म्हणे तुला?"

"होय की."

"नवऱ्याविषयी काही बोलली होतीस काय त्याच्याजवळ?"

मग सगळं सांगणं आलं. दादा पुण्याला असतो, चांगल्या हुद्द्यावर आहे, केस गेलेत, शुगर आलीय. आणि वर्षभर झालं, त्याला जुन्या टीव्ही गेमनं झपाटलंय. आम्ही शाळेत असताना, म्हणजे १९९५-९६च्या सुमाराला, आमच्याकडं जसा गेम होता अगदी तसाच नवा डबा त्यानं कुठून तरी मागवला. दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. भाऊबीजेचं जेवण झाल्यावर पानसुपारीचं नावसुद्धा न घेता मंडळी हॉलमध्ये पालथी पडली.

"आणि बदक काही पडेना, काकू. दादानं मारलं, यांनी मारलं, आमच्या पोरानं तर बंदूक टीव्हीला टेकवून मारलं. बदक आपलं उडून जातंय आणि ते कुत्रं गवतातून वर येऊन हसतंय."

"अजून हसतंय ते?" काकू म्हणाल्या.

मी त्या वेळी ते कानाआड केलं. माझं लक्ष काकांकडं होतं. काका पलीकडच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कुणाचा तरी रेडिओ उघडून बसले होते. काकांची सांगलीत गणपती पेठेजवळ टीव्ही दुरुस्तीची टपरीवजा खोली होती. दुकान मुलानं मोबाइलचं केलं, काका घरी आले, पण हातातली सोल्डरिंग गन काही सुटली नाही. त्यांना विचारायला मीच जाणार होते.

"टीव्ही कुठला तुमचा?" मान वर न करता काका.

"एलईडी. त्रेचाळीस इंची."

"मग जन्मात पडत नाही. दोष बंदुकीत नाही आणि तुझ्या दादाच्या नेमातही नाही."

काकांना बोलतं करायला एवढं पुरतं. मी भडंगाची ताटली भिंतीवर ठेवली आणि टेकले.

"त्या बंदुकीतनं काही बाहेर पडतं असं वाटत होतं ना तुम्हाला? काहीसुद्धा पडत नाही. बंदूक मारत नाही, बघते. नळीच्या आत बारकासा फोटोडायोड असतो, तो तिचा डोळा. तुम्ही चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो. एवढा कमी वेळ की तुम्हाला नुसतं लुकलुकल्यासारखं वाटतं. त्याच्या पुढच्याच क्षणी बदक जिथं आहे तिथं पांढरा चौकोन येतो. डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर बदक पडलं. नुसता काळोखच दिसला, तर कुत्रं हसलं. संपला खेळ."

"मग आमच्या टीव्हीत तो चौकोन येत नाही काय?"

"येतो की. पण उशिरा येतो. जुना नळीचा टीव्ही सिग्नल आला की रेघ ओढत सुटायचा, हातात ठेवून घेणं त्याला ठाऊकच नव्हतं. तुमचा हा नवा आधी चित्र पोटात घेतो, साफ करतो, ताणून मोठं करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीनं डोळा मिटलेला असतो. आणि दुसरं म्हणजे मूळ निन्टेन्डो कंपनीच्या बंदुकीत अशी सोय होती की नळीवर सेकंदाला पंधरा-साडेपंधरा हजार रेघा पडतात त्या लुकलुकीचाच उजेड ती खरा मानायची. कुणी बल्बपुढं धरून फसवू नये म्हणून. तुमच्या एलईडीत ती रेघच नाही, मग तिनं मानायचं काय?"

म्हणजे तीस वर्षं मी समजत होते की मी टीव्हीवर गोळ्या झाडतेय, आणि प्रत्यक्षात टीव्हीच माझ्या बंदुकीत उजेड सोडत होता. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं; उलट त्या कंपनीविषयीचा आदरच वाढला. १९८४ सालचा खेळ हा. एका डायोडवर आणि माणसाच्या डोळ्याच्या मंदपणावर एवढी पोरं नादी लावली.

"तर काका, एखादा डबा टीव्ही असेल का तुमच्याकडं पडलेला?"

"एक आहे मागच्या खोलीत, चौदा इंची."

"त्याला हात लावायचा नाही," काकू एकदम म्हणाल्या. "त्याच्यावर पापडाचे डबे आहेत."

बरं, राहिलं. विषय तिथंच थांबला असता, पण काकांना दुकानाची आठवण आली होती आणि काकांच्या आठवणी मधेच थांबवता येत नाहीत.

मे महिना हा त्यांचा सीझन. परीक्षा संपल्या की समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर, नाव काहीही असो, सगळे डबे काउंटरवर. जपानात निन्टेन्डोनं १९८३ साली फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं, त्याचीच ही बहुतेक चुलत-मावस भावंडं. काका म्हणतात, वरचं प्लॅस्टिक बघून भुलू नये. उघडलं की आत हिरवी पट्टी आणि मधोमध डांबराचा असावा तसा काळा गोळा. सगळा मेंदू त्या गोळ्याखाली. तो गेला तर देवसुद्धा दुरुस्त करू शकत नाही. पण तो क्वचितच जायचा. जायचा तो सेव्हन एट झिरो फाइव्ह, म्हणजे अडॅप्टरचे नऊ व्होल्ट पाचावर आणणारा रेग्युलेटर.

"का जायचा माहीत आहे? आई आली की तुम्ही कार्टी काय करायचा? गेम पॉज, टीव्ही बंद, अभ्यासाची वही पुढं. डबा मात्र चालूच. आई स्वयंपाक करून, जेवून, झोपून उठेपर्यंत तो तापतोय बिचारा."

हे अगदी बरोबर. पण करणार काय? मारियोत आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवायची सोयच नव्हती. बंद केलं की पुन्हा पहिल्या घरापासून. पाचव्या दुनियेत असताना लाइट गेली तर दादा तासभर कुणाशी बोलायचा नाही. एमएसईबीला त्यानं त्या काळात जे शाप दिलेत, ते फळले असते तर महाराष्ट्र अजून अंधारात असता.

"आणि पिक्चर ट्यूबचं काय?" मी विचारलं. "गेमनं ट्यूब जाते म्हणून आमच्या बाबांनी दोनदा वायर कपाटात कोंडली होती."

काका हसले. "दोन तासांच्या मारियोनं ट्यूबला काही होत नाही. एकच चित्र महिनोन्‌महिने ठेवलं तर काचेच्या आतल्या लेपावर त्याचा डाग बसतो, तेवढं खरं. पण सगळ्या आया दुकानात येऊन विचारायच्या, 'भाऊ, जाते ना ट्यूब?' आणि डोळ्यांनी खुणवायच्या. मी म्हणायचो, जाते. गिऱ्हाईक महत्त्वाचं."

कॅसेटवर फुंकर मारण्याविषयी मात्र काका आजही गंभीर होतात. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, माउथ ऑर्गनसारखी तोंडाशी धरून फुंकायची, परत खोचायची. आमच्या पिढीचा हा कुलाचार. तर फुंकरीनं काहीच होत नव्हतं म्हणे. कॅसेट काढून पुन्हा नीट बसली, म्हणून चालायची. फुंकरीतली वाफ आणि थुंकी त्या सोनेरी पट्ट्यांवर बसून पट्ट्या काळ्या व्हायच्या. काका पेन्सिलीचा खोडरबर घासायचे, वरून स्पिरिटचा बोळा. हे सांगून ते म्हणाले, "पण सांगून कोण ऐकतंय? फुंकली की चालते, हे डोळ्यांनी बघितलेलं."

आता माझी तक्रार सांगते. घरात रिमोट दोन असले तरी ते सारखे नव्हते. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. मला वाटायचं, बाबांनी स्वस्तातला आणला. पुढं कळलं की जपानच्या मूळ मशीनमध्येही तसंच होतं. दुसऱ्या रिमोटला स्टार्टच्या जागी बारकासा माइक दिला होता. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, कुठला लावायचा, सगळं पहिल्याच्या हातात. दुसऱ्यानं वाटल्यास बोलावं. आणि आमच्या गल्लीतल्या यच्चयावत घरांत पहिला रिमोट भावाकडं आणि दुसरा बहिणीकडं. यात निन्टेन्डोचा दोष नाही, हे मला मान्य आहे.

मारियोत तर याहून कमाल. दोघांचा खेळ लावला तर मी लुइजी. आणि लुइजीची पाळी कधी? मारियो मेल्यावर. दादा चांगला खेळायचा हो! तो मरायचाच नाही. मी रिमोट हातात धरून, पायाला मुंग्या येईस्तोवर बसलेली. शेवटी पाळी आली की एवढ्या वेळानं हात थरथरायचे आणि पहिल्याच तपकिरी बुटक्या मशरूमवर जाऊन आदळायचे. मग पुन्हा दादा. माझ्या लहानपणातला मोठा भाग दादा मरायची वाट बघण्यात गेला, असं काकूंना सांगितलं तर त्यांनी "शुभ बोल गं, काल भाऊबीज झाली" म्हणून दटावलं.

कॉन्ट्रात निदान दोघं एकदम असायचो. तो निळ्या पँटचा, मी लाल पँटची. पण तिथंही तिसऱ्या टप्प्यात तो धबधबा यायचा. वर चढत जायचं. पुढचा घाईनं चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा माणूस पडद्याबाहेर जाऊन मरतो. दादाला हे पक्कं माहीत होतं आणि तरी तो थांबायचा नाही. टँकच्या गेममध्ये मी सूड घ्यायचे. ज्याचं खरं नाव बॅटल सिटी होतं, तो. त्यात आपल्याच जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, पण थोडा वेळ जागच्या जागी थिजतो. वीस शत्रू संपवायचेत, खाली विटांच्या आड आपला गरुड सांभाळायचाय, आणि ऐन वेळी मी दादाला थिजवलेलं. एकदा मी स्वतःच गरुड उडवला. जाणूनबुजून. आईनं भांडण सोडवायला येऊन अडॅप्टरच उपसला होता.

"आणि बदकांत?" काकूंनी विचारलं.

बदकांतली गंमत मला फार उशिरा कळली. एका बदकाचा जो खेळ असतो, त्यात एक जण बंदूक घेऊन मारत असताना दुसरा रिमोटच्या बाणांनी बदक वळवू शकतो. वर, खाली, डावीकडं, हवं तिकडं. हे कॅसेटवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या वाड्यातल्या एका मुलीनं मला शाळेच्या नळावर पाणी पिताना सांगितलं. तिला तिच्या मिरजेच्या मावसबहिणीनं. त्या दिवशी दादाचं एकही बदक पडलं नाही. त्याला बंदूक बिघडली असं वाटलं आणि तो काकांच्या दुकानात घेऊन गेला.

"मग तरीच!" काका म्हणाले. "मी उघडून बघितली होती ती. काहीच झालं नव्हतं तिला. साफ करून दिली आणि पैसे घेतले."

मला वाटतं, खरी गोष्ट इथंच आहे. दादा काल जेवताना सांगत होता की ते खेळ फार थोर होते, हल्लीच्या खेळांत जीव नाही वगैरे. मला ते पटत नाही. आमच्या कॅसेटवर ९९९९९ इन वन लिहिलेलं असायचं आणि आत धड पंधरा-वीस खेळ. पुढं तेच खेळ मधल्याच टप्प्यापासून, नवीन नाव लावून. निम्मे तर टाकाऊच होते. सर्कसमधला तो सिंहावर बसलेला माणूस आगीच्या कड्यातून उड्या मारतोय, मारतोय, पुढं काय? रोड फायटरमध्ये गाडी कितीही नीट चालवा, पेट्रोल संपणारच. पण त्या डब्याबरोबर माहितीपुस्तक नव्हतं, असलं तरी आपल्याला वाचता येईल अशा भाषेत नव्हतं. त्यामुळं खेळाचं अर्धं अंग टीव्हीत होतं आणि उरलेलं अर्धं गल्लीत. मारियोच्या पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या घरात विटांच्या छपरावर चढून शेवटपर्यंत पळत गेलं की थेट चौथ्या दुनियेचा पाइप लागतो, हे कुणाला आपोआप सुचलंय? कुणी तरी कुणाला तरी सांगितलं. रिक्षात, ट्यूशनला, लग्नाच्या पंगतीत. मुंबईचा मावसभाऊ सुटीत आला की त्याच्याभोवती पोरं जमायची, ती तो काय नवीन सांगतो हे ऐकायला.

आणि मावसभाऊ थापाही मारायचे. पण सगळ्याच थापा नव्हत्या, हे मला आता कळतंय. त्याच दुसऱ्या घराच्या शेवटी भिंतीतून आरपार घुसता येतं आणि पुढं कधीच न संपणारं पाण्याचं घर लागतं, असं एक जण सांगायचा. आम्ही त्याला वेड्यात काढला. ते अक्षरशः खरं निघालं. प्रोग्रॅममधल्या चुकीमुळं तसं होतं आणि जगभर लोक त्याला उणे एक म्हणतात. दुसरा सांगायचा, त्या हसणाऱ्या कुत्र्यालाही गोळी घालता येते. घरच्या कॅसेटमध्ये नाही येत, गोळ्या घालून घालून बोटं दुखली. पण नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा जो बदकांचा खेळ होता, त्याच्या बोनस फेरीत कुत्र्याला खरोखर गोळी लागते. म्हणजे त्या पोरानं कुठल्या तरी पार्लरमध्ये बघितलेलं, किंवा बघितलेल्याकडून ऐकलेलं.

पार्लरला मी कधी गेले नाही. मुली जात नव्हत्या. दादा जायचा, रुपयाची नाणी खिशात घेऊन, मुस्तफा खेळायला. त्या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३चा. चार जणांतून एक निवडायचा, त्यात एक बाईही होती, हॅना. पण आख्ख्या भारतानं पिवळ्या टोपीच्या मुस्तफाचंच नाव खेळाला दिलं. हे नाव एका गावातून दुसऱ्या गावात कसं पोचलं असेल? कुणी पत्रक तर काढलं नव्हतं.

"पोरखेळ सगळा," काका म्हणाले. "तुझ्या दादाला म्हणावं, त्यापेक्षा पत्ते आणायचे. आम्ही दिवाळीत रात्रभर बदाम सात खेळायचो."

"काका, ती निन्टेन्डो मूळची पत्त्यांचीच कंपनी आहे. १८८९ साली क्योटोत सुरू झाली. हानाफुदा म्हणून फुलांचे पत्ते असतात त्यांच्याकडं, अठ्ठेचाळीस पानं, बारा महिन्यांची चार-चार. ते हातानं बनवून विकायचे."

काका पहिल्यांदा रेडिओवरून नजर काढून माझ्याकडं बघायला लागले. पत्त्यांची कंपनी म्हटल्यावर त्यांच्या लेखी निन्टेन्डोची पत वाढली होती. मी तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतली. म्हटलं, २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे मारियोची लाल टोपी घालून मैदानात आले होते. पुढचं ऑलिंपिक टोकियोत, म्हणून. आणि मारियोची ती धून आहे ना, जी ऐकली की आमची आई भाजी ढवळताना ताल धरायची, ती कोजी कोंडो या माणसानं केलेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२३ मध्ये ती जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. व्हिडिओ गेममधलं संगीत त्या यादीत जायची ती पहिलीच वेळ.

"एवढं काय होतं त्यात?" काका.

"आख्खा मारियो चाळीस किलोबाइटचा आहे. बत्तीस घरं, गाणी, राक्षस, राजकन्या, सगळं धरून. तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर जो सूर्योदयाचा फोटो टाकता, तो बहुतेक त्याहून मोठा असतो."

काकांना हे लागलं. पण खरंच आहे. जागा पुरेना म्हणून त्यांनी ढगाचंच चित्र हिरवं करून झुडूप म्हणून लावलं. मारियोला मिशी का, तर एवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढता येईना. टोपी का, तर केस जमेनात. मारियो घडवणाऱ्या मियामोटोंनी हे स्वतः सांगितलंय. कोंड्याचा मांडा करणं आपल्या बायकांना नवीन नाही, पण चाळीस वर्षं टिकणारा मांडा अवघड.

आणि लोक अजून थांबलेले नाहीत. निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवरचा १९८९चा टेट्रिस कुणी संपवूच शकत नाही, असं धरून चाललेले. ठोकळे इतके वेगात पडतात. तर डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या पोरानं एकशे सत्तावन्नाव्या पातळीवर तो गेमच गोठवून दाखवला. खेळ हरला, पोरगा नाही. त्या पोराच्या जन्माआधी वीस वर्षं तो खेळ निघालेला. त्यालाही बोटं फिरवायची नवी पद्धत आधीच्या खेळाडूंकडून शिकावी लागलीच की. म्हणजे नळावरचं बोलणं अजून चालूच आहे, फक्त नळ बदललाय. माझा मुलगा माइनक्राफ्टमधलं काय काय सोलापूरच्या कुठल्याशा पोराला हेडफोनवरून सांगत असतो, तेव्हा मी म्हणूनच फार ओरडत नाही. नऊ वाजेपर्यंत.

"एक तेवढं मला कोडंच आहे," मी म्हटलं. "कॉन्ट्राचा तो तीस लाइफचा मंत्र सांगलीत पहिल्यांदा कुणी आणला असेल? जपानात तो कुणी केला ते ठाऊक आहे, कोनामी कंपनीतले हाशिमोतो म्हणून. १९८६ साली ग्रेडियस नावाच्या विमानाच्या खेळाची तपासणी करत होते आणि स्वतःच्याच्यानं खेळ जमेना, म्हणून स्वतःपुरती ही पळवाट ठेवली. ती तशीच राहून गेली आणि पुढं कंपनीच्या कितीतरी खेळांत आली. २०२०च्या फेब्रुवारीत वारले ते. पण आमच्या गल्लीत प्रत्येक जण म्हणतो, मला अमक्यानं सांगितलं. आणि अमका म्हणतो, मला तमक्यानं. वर वर, खाली खाली..."

"डावं उजवं, डावं उजवं, बी, ए," काकू म्हणाल्या. "दोघांना खेळायचं असेल तर सिलेक्ट, आणि मग स्टार्ट."

काकांची सोल्डरिंग गन हवेतच राहिली.

काकूंनी भडंगातले शेंगदाणे वेचून खाल्ले. मग म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? दुरुस्त झालेला डबा तुम्ही रात्री घरी आणून ठेवायचा, आणि म्हणायचा, सकाळी गिऱ्हाईक येईल, तोवर चालतो का बघून ठेव. मी बघून ठेवत होते."

"अगं, चालतो का म्हणजे, चित्र येतंय का एवढंच!"

"चित्र येतंय, पण पुढं चालतंय का, ते खेळल्याशिवाय कसं कळणार? एकदा तुम्ही दिलेला डबा तिसऱ्या दुनियेत अडकत होता. मी नसतं सांगितलं तर गिऱ्हाईक परत आलं असतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंत्र त्यांना कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलानं सांगितला, दुकानात काका चहाला गेलेले असताना. काकूंनी तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतला. आणि मग दळणाला, भाजीला, हळदीकुंकवाला, जिथं जाईल तिथं बायकांना सांगितला. बायकांनी पोरांना. "पोरं रडत होती गं, तीन लाइफमध्ये कुणाचं काय होतंय? तीस दिली की निदान तासभर घरात शांतता."

"म्हणजे आमच्या आईला तुम्ही..."

"तिला पण मीच. संक्रांतीला."

आमच्या आईनं आम्हाला तो मंत्र सांगितल्याचं मला आठवत नाही. दादाला सांगितला असणार. पहिला रिमोट त्याच्याकडं होता ना.

"आणि तो मागच्या खोलीतला टीव्ही?" मी विचारलं.

त्यावर पापडाचे डबे आहेत, हे खरंच आहे. पण ते संध्याकाळी पाचला खाली उतरतात. काका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला गेले की काकू दार ओढून घेतात. एका गिऱ्हाइकानं १९९८ साली दुरुस्तीला टाकून परत कधीच न नेलेला गेमचा डबा आहे, तो लावतात. कॉन्ट्रा नाही, मारामारीनं त्यांचं डोकं दुखतं. फक्त मारियो. तोही छपरावरून पळून दुनिया न गाळता, पहिल्या घरापासून ओळीनं. मी म्हटलं, "काकू, पाइपानं जायचं की सरळ चौथ्यात!" तर म्हणाल्या, "पोथी वाचताना अध्याय गाळतो काय आपण?"

"मग राजकन्या मिळाली की नाही?"

"कुठली मिळतेय! प्रत्येक किल्ल्यात तो बुटका उभाच. म्हणतोय, आभारी आहे, पण राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात. सात किल्ले झाले असते, पण सातव्या दुनियेच्या किल्ल्यात मी फिरून फिरून तिथंच येते. वरनं जावं तरी तेच, खालनं जावं तरी तेच. कितीतरी वर्षं झाली अडकून."

"काकू, यूट्यूबवर आहे सगळं, दोन मिनिटांत..."

"यूट्यूबवर नको. त्यात काय अर्थ आहे? तुझ्या दादाला विचार. तो गेलाय का सातच्या पुढं?"

दादा गेलाय. आठव्याच्या शेवटच्या किल्ल्यापर्यंत, तिथंही असाच चकवा असतो. काका अजून काही बोलले नव्हते. त्यांनी सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे मी सभेवरनं आल्यावर चहाला रोज अर्धा तास लागायचा तो..."

"हो, तो," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "दादा परवा निघणार ना? मग उद्या पाचला बंदूक घेऊन या दोघं. टीव्ही देते. बदकं मारा, काय हवं ते करा. पण आधी त्यानं मला सातचा रस्ता दाखवायचा. आणि पहिला रिमोट माझा, आत्ताच सांगून ठेवते."